विषय बदलाचा अर्ज

कुलासो मिसनी पेपर माझ्याकडे फिरवला.
पन्नासपैकी नऊ.
लाल शाई फारशी नव्हतीच.
जिथे काही लिहिलंच नाही तिथे त्या तरी काय खोडणार.
"आळशी नाही तो," त्या म्हणाल्या,
"आळशी मुलं मी ओळखते. हा नुसता
थांबून राहतो पहिल्या ओळीवर,
आतून कुणी कडी काढेल म्हणून."
मग ड्रॉवरमधून एक पिवळा कागद.
गणित सोडून जिऑलॉजी घेता येतं,
चवथीनंतरच्या सोमवारपर्यंत.

डिचोलीच्या पोस्टात मी काउंटर दोनवर बसते.
दिवसभर लोकांचे अर्ज परत करते:
इथे सही राहिली, इथे पिनकोड,
हा रकाना रिकामा आहे हो.
हा एक अर्ज मात्र आठवडाभर
माझ्याच पर्समध्ये, सुट्ट्या नाण्यांखाली.

नवरा म्हणाला, "दगड शिकायचे?
वीस वर्षं दगडच वाहिले मी,
आता टिप्परच्या टपावर दोडकी लागलीत."
मग बराच वेळ नुसता जेवत राहिला.
"ट्यूशन लाव. म्हापशाला."
लावली होती, जूनपासून.
साडेआठच्या बसनं साईश परत येतो
आणि चपला काढता काढताच झोपतो.

गणित सोडवायचं, गणित सोडायचं.
एका 'व'चा फरक.
माझा 'व' बाबांनी खोडला होता,
शाळेच्या ऑफिसात, उभ्या उभ्या सही करून:
मुलीच्या जातीला कशाला.
मला येत होतं गणित.
म्हणून साईशच्या नऊकडे बघताना
मी नक्की कुणाची बाजू मांडते, कळत नाही.
एका रात्री त्याची वही उघडली.
सिद्ध करा: डावी बाजू बरोबर उजवी बाजू.
दोन उदाहरणं केली पेन्सिलनं. सुटली.
अंगावर शहारा आला, खरंच.
मग खोडरबर घेऊन दोन्ही पुसली
आणि वही होती तशी, होती तिथे.

दीड दिवसाचा आमचा गणपती.
पोचवून आलो, माटोळी उतरवायला साईश स्टुलावर.
कांगणं, तोरंजन, सुपारीची शिपटी.
दोरांच्या गाठी दमटपणानं घट्ट बसलेल्या.
"कोयत्यानं काप," नवरा म्हणाला.
"थांब जरा."
नखांनी, दातांनी, एकेक गाठ त्यानं सोडवली.
शेवटी कोहाळा.
मी खालून दोन्ही हातांनी धरून उभी,
तो गाठीशी.
शेजारच्या घरात आरती सुरू झाली, संपली,
दुसरी सुरू झाली.
त्याच्या बोटाला रक्त आलं.
मी काही बोलले नाही. माझे दंड थरथरत होते.
मग त्यानं न बघताच हात खाली केला:
"कोयता."

सगळं वजन एकदम माझ्या हातांत आलं.

हात धुऊन आला आणि म्हणाला,
"तुझ्या पर्समधला तो पिवळा कागद दे."
मी त्याला दाखवलाही नव्हता.
नाव लिहिलं, हजेरी क्रमांक, वर्ग.
जिऑलॉजीचं स्पेलिंग विचारलं नाही.
'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं.
"लिही, झेपत नाही म्हणून," दारातून त्याचे पप्पा.
ते त्यानं लिहिलं नाही.
आवडत नाही, असंही नाही.
पंखा फिरत होता, कागदाचा कोपरा उडत होता,
तो मी बोटानं दाबून धरला.

"हे रिकामं चालतं?"

"चालतं," म्हटलं.
पालकाच्या जागी सही केली,
पहिल्या पेननं उमटेना, मग दुसऱ्या.
सोमवारी मिस विचारतीलच.
बघू.